सिकलसेल : जनुक दुरुस्त होत नाही, बंद झालेले जनुक उघडते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावरच्या ‘कॅसजेव्ही’ या जनुकीय उपचाराला १६ नोव्हेंबर २०२३ रोजी ब्रिटनमध्ये आणि ८ डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकेत मान्यता मिळाली, तेव्हापासून मराठी वृत्तपत्रांत या आजाराविषयी अधूनमधून लिहून येते. पूर्व विदर्भात सिकलसेल हा शब्द शाळेची पायरी न चढलेल्या माणसालाही ठाऊक असतो. माझे सारे आयुष्य याच भागात शिकवण्यात गेले, त्यामुळे मला या लेखनाचे मनापासून समाधान वाटते. मात्र ‘शास्त्रज्ञांनी सदोष जनुक दुरुस्त केले’ असे एक वाक्य या मजकुरात हमखास वाचायला मिळते आणि ते बरोबर नाही. या उपचारात सदोष जनुकाला हातही लावला जात नाही. रुग्णाच्या पेशीत मुळापासून शाबूत असलेले, पण जन्माच्या सुमारास बंद होत गेलेले दुसरेच एक जनुक पुन्हा उघडले जाते. हा शब्दच्छल आहे असे कोणी समजू नये. रुग्णाच्या पुढच्या पिढीचा आणि नवजात बाळांच्या तपासणीचा प्रश्न या फरकाशी बांधलेला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहीत आहे.

दोन वर्षांपूर्वी माझी एक जुनी विद्यार्थिनी आपल्या नऊ महिन्यांच्या मुलाला घेऊन घरी आली होती. बाळाचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय सुजले होते. बारशाला घातलेल्या काळ्या मण्यांच्या मनगट्या इतक्या रुतल्या होत्या, की आदल्या दिवशी दोरा कात्रीने कापावा लागला होता आणि त्याचा वळ मनगटावर तसाच दिसत होता. बोटांना नुसता धक्का लागला तरी ते बाळ कळवळून रडत होते. तपासणी होऊन ‘एसएस पॅटर्न’, म्हणजे आई आणि वडील दोघांकडूनही सिकलसेलचे जनुक आलेले, असा अहवाल हाती आलेला होता. तिच्या पिशवीत आणखी एक कागद होता. बाळ दोन महिन्यांचे असताना केलेल्या सिकलसेलच्या प्राथमिक तपासणीचा, म्हणजे सोल्युबिलिटी चाचणीचा तो कागद, आणि त्यावर ‘निगेटिव्ह’ असे लिहिलेले होते. त्या एका शब्दाच्या भरवशावर घरचे निर्धास्त राहिले होते, आणि आता मधल्या काळात दिलेल्या लशीनेच पोराचे रक्त नासले असे सासरी सगळे म्हणत होते. तिने मला विचारले, “मॅडम, जन्मापासूनचाच आजार हाय म्हणतेत, तं मंग पहिले सहा महिने लेकरू इतकं चांगलं कसं राह्यलं? अन् तो पहिला कागद खोटा होता का?”

तिचा पहिला प्रश्न फार मोलाचा आहे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात काम करणाऱ्या डॉ. जेनेट वॉटसन या बालरोगतज्ज्ञांना १९४८ मध्ये हेच कोडे पडले होते. सिकलसेल असलेल्या नवजात बाळांच्या रक्तपेशी मोठ्या मुलांच्या पेशींइतक्या विळ्यासारख्या वाकत नाहीत, हे त्यांनी पाहिले आणि बाळाच्या रक्तात उरलेले गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन त्याला राखत असावे असा तर्क मांडला. तो तर्क खरा ठरला. आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन जन्मभर एकच नसते. प्रौढ माणसाच्या हिमोग्लोबिनच्या रेणूत दोन अल्फा आणि दोन बीटा साखळ्या असतात, तर गर्भाच्या हिमोग्लोबिनमध्ये बीटाच्या जागी गॅमा साखळ्या असतात. गॅमा साखळ्यांचे हिमोग्लोबिन ऑक्सिजनला अधिक घट्ट धरते, म्हणून वारेतून आईच्या रक्तातला ऑक्सिजन गर्भाला ओढून घेता येतो. जन्माच्या वेळी बाळाच्या रक्तात हे हिमोग्लोबिन साधारण ६० ते ८० टक्के असते. पुढच्या काही महिन्यांत ते घटत जाते, बीटा साखळ्या त्याची जागा घेतात आणि निरोगी प्रौढ माणसात ते जेमतेम एखादा टक्का उरते. सिकलसेलचा दोष बीटा साखळीत आहे. त्या साखळीच्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते आणि ऑक्सिजन सुटला की असे रेणू एकमेकांना चिकटून त्यांचे ताठ दोर होतात. गॅमा साखळीत हा दोष नाही आणि ती त्या दोरांत सामीलही होत नाही. म्हणजे बाळाचे पहिले सहा महिने चांगले जातात, ते गॅमाचे जनुक अजून चालू असते म्हणून. लशीचा याच्याशी काहीही संबंध नाही. लशीचे डोस आणि गॅमाची उतरण एकाच काळात येतात, एवढाच काय तो योगायोग, आणि त्या योगायोगापायी कितीतरी आयांना घरात ऐकून घ्यावे लागते.

आता खरा प्रश्न असा, की गॅमाचे जनुक बंद कोण करते? ते नष्ट होत नाही. आपल्या प्रत्येकाच्या अकराव्या गुणसूत्रावर ते आजही जसेच्या तसे आहे. तिथे एप्सिलॉन, दोन गॅमा, डेल्टा आणि बीटा ही जनुके एका ओळीत बसलेली आहेत आणि विशेष म्हणजे ज्या क्रमाने ती ओळीत आहेत त्याच क्रमाने ती वापरली जातात. पहिल्या काही आठवड्यांत एप्सिलॉन, मग गर्भाच्या यकृतात रक्त तयार होऊ लागले की गॅमा, आणि जन्माच्या आसपास अस्थिमज्जेत बीटा. ही पाळी लावण्याचे काम जी प्रथिने करतात त्यांना प्रतिलेखन घटक म्हणतात. आपल्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात प्रतिलेखन हा शब्द आहे. डीएनएवरून आरएनए आणि आरएनएवरून प्रथिन, ही सरळ वाट मुलांना नीट समजते. परंतु कोणत्या पेशीत, कोणत्या दिवशी, कोणत्या जनुकाचे प्रतिलेखन व्हायचे, हे कोण ठरवते या प्रश्नाशी त्यांची गाठ पडत नाही. सिकलसेल हा आजार तर नववीच्याच पुस्तकात ‘दात्रपेशी पांडुरोग’ या नावाने येऊन गेलेला असतो. दोन वर्षांत दोन धडे, आणि त्यांना जोडणारा दुवा कुठेच नाही. मीही कित्येक वर्षे ते तसेच शिकवले, याची मला आज खंत वाटते.

पाटाचे पाणी वापरणाऱ्या शेतकऱ्याला हे समजावणे मला सर्वांत सोपे गेले आहे. पाटाला पाणी आहे, शेत तयार आहे, बी पेरलेले आहे, तरीही कोणाची मोरी कधी उघडायची आणि कधी बंद करायची हे पाटकरी ठरवतो. माणसाच्या शरीरात प्रथिने घडवणारी सुमारे २०,००० जनुके आहेत आणि त्यांवर देखरेख करणारे पाटकरी, म्हणजे प्रतिलेखन घटक, सुमारे १,६०० आहेत. प्रत्येक घटक डीएनएवरची सहा ते बारा अक्षरांची विशिष्ट खूण ओळखतो आणि तिथे जाऊन बसतो. काही घटक जनुक उघडतात, काही बंद करतात आणि काही सोबतीला कोण आहे ते पाहून दोन्हींपैकी एक काम करतात. ही कल्पना पॅरिसच्या फ्रान्स्वा जाकोब आणि जाक मोनो यांनी १९६१ मध्ये आतड्यातल्या साध्या जिवाणूवरून मांडली. दुधातली साखर समोर नसेल तेव्हा ती पचवणारी जनुके एक रोधक प्रथिन दाबून ठेवते आणि साखर आली की ते बाजूला होते. १९६५ चे नोबेल पारितोषिक त्यांना आणि आंद्रे ल्वॉफ यांना विभागून मिळाले. जिवाणूच्या बाबतीत हा प्रश्न भुकेचा होता. बहुपेशीय प्राण्यात तोच प्रश्न देह कसा घडतो याचा होतो, कारण डोळ्याच्या पेशीत आणि यकृताच्या पेशीत जनुके तीच असतात, फरक असतो तो उघडलेल्या आणि मिटलेल्या मोऱ्यांचा. स्वित्झर्लंडमधल्या बाझल येथे वॉल्टर गेरिंग यांच्या प्रयोगशाळेने १९९५ मध्ये फळमाशीच्या पायावर आणि पंखावर डोळे उगवून दाखवले, ते डोळ्याच्या घडणीचा एक प्रतिलेखन घटक भलत्या ठिकाणी चालू करून. उंदराचे तेच जनुक माशीत घातले तरी माशीचाच डोळा उगवला. माणसातही त्याचे भावंड आहे, आणि त्याची एक प्रत बिघडली तर बाळ बुबुळातल्या रंगीत पडद्याविना जन्माला येते.

गॅमा बंद करणाऱ्या पाटकऱ्याचे नाव बीसीएल ११ ए. हे नाव रुक्ष आहे आणि त्याचा हिमोग्लोबिनशी काही संबंधही दिसत नाही, कारण हे जनुक आधी रक्ताच्या कर्करोगाच्या संदर्भात सापडले होते. २००७ आणि २००८ मध्ये, ज्यांच्या रक्तात प्रौढपणीही गर्भातले हिमोग्लोबिन जरा जास्त राहते अशा लोकांच्या डीएनएची इतरांशी तुलना झाली, तेव्हा फरकाची एक खूण दुसऱ्या गुणसूत्रावर, नेमकी या जनुकात निघाली. बॉस्टनमध्ये स्टुअर्ट ऑर्किन यांच्या प्रयोगशाळेत विजय शंकरन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवून दिले, की मानवी रक्तपेशींच्या पूर्वज पेशींत बीसीएल ११ ए कमी केले की गॅमा वर येते. पुढे २०१८ मध्ये त्याची नेमकी बैठकही कळली. गॅमा जनुक जिथे सुरू होते त्याच्या सुमारे ११५ अक्षरे आधी टीजीएसीसीए अशी सहा अक्षरे आहेत, तिथे हे प्रथिन येऊन बसते. ज्या कुटुंबांत या जागेतले किंवा तिला लागून असलेले एक अक्षर जन्मतःच बदललेले असते, त्यांच्या रक्तात गर्भातले हिमोग्लोबिन आयुष्यभर भरपूर राहते आणि त्याचा त्यांना काही त्रासही होत नाही. त्यांतल्या एखाद्याला सिकलसेलचे जनुक मिळाले तर आजार फारच सौम्य राहतो. तीन अब्ज अक्षरांच्या लिखाणातल्या एका अक्षराने पाटकऱ्याला बसायची जागा राहत नाही आणि एका माणसाचे आयुष्य वेदनांतून वाचते. हे मी वर्गात सांगत असे तेव्हा मागच्या बाकांवरची कुजबूजही थांबत असे.

मग बीसीएल ११ ए सरळ नष्ट का करू नये? कारण हाच घटक मेंदूच्या घडणीतही लागतो आणि रोगप्रतिकाराच्या बी पेशींनाही लागतो. त्याची एकच प्रत चालणाऱ्या मुलांचा बौद्धिक विकास खुंटतो. एकच पाटकरी तीन गावांचे पाणी सांभाळतो आहे, त्याला कामावरून काढले तर तिन्ही गावे बुडतील. यावरची वाट २०१३ मध्ये डॅनियल बाउर आणि ऑर्किन यांच्या गटाने शोधली, आणि माझ्या मते या साऱ्या कथेतला सर्वांत सुंदर भाग हाच आहे. बीसीएल ११ ए च्या जनुकाच्या पोटातच, प्रथिन घडवण्यात ज्याचा काही वाटा नाही अशा भागात, या जनुकाचे काम वाढवणारा एक वर्धक पट्टा आहे आणि तो फक्त लाल रक्तपेशींच्या वंशात काम करतो. मेंदूसाठी वेगळी कळ आहे, बी पेशींसाठी वेगळी, लाल पेशींसाठी ही. या पट्ट्यावर गाटा १ नावाचा दुसरा प्रतिलेखन घटक येऊन बसतो, म्हणजे पाटकऱ्यालाही वरून हुकूम देणारा कोणी आहे. उपचारात रुग्णाच्या रक्तातल्या मूळ पेशी बाहेर काढतात, डीएनए नेमक्या जागी कापणाऱ्या क्रिस्पर नावाच्या कात्रीने गाटा १ ची ती बैठक कापतात आणि त्या पेशी पुन्हा रुग्णाच्या शरीरात सोडतात. लाल पेशींपुरता बीसीएल ११ ए घटतो, गॅमा उघडते आणि एकूण हिमोग्लोबिनमधला गर्भातल्या हिमोग्लोबिनचा वाटा ४० टक्क्यांच्या आसपास जाऊन टिकतो. मान्यतेच्या वेळी पुरेसा काळ पाहणीत असलेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जणांना किमान सलग बारा महिने तीव्र वेदनेचा झटका आला नव्हता. बीटा जनुकातले सदोष अक्षर मात्र होते तिथेच आहे.

म्हणून ‘जनुक दुरुस्त झाले’ हे वाक्य घातक ठरू शकते. ते वाचणाऱ्याला वाटेल की उपचार घेतलेला माणूस आजाराचे जनुक पुढे देणार नाही. प्रत्यक्षात त्याच्या बीजपेशींना उपचाराचा स्पर्शही झालेला नसतो. त्याची सर्व मुले किमान वाहक असतील आणि जोडीदार वाहक असेल तर प्रत्येक गरोदरपणात ‘एसएस’ मूल होण्याची शक्यता निम्मी राहील. लग्नाआधीच्या तपासणीचा आग्रह आपल्याकडे कार्यकर्त्यांनी आणि आरोग्यसेविकांनी वस्तीवस्तीवर जाऊन मोठ्या कष्टाने रुजवला आहे, त्याला अशा एका वाक्याने तडा जाऊ नये. शिवाय मान्यतेच्या वेळी हा उपचार अमेरिकेत २२ लाख डॉलरना, म्हणजे त्या वेळच्या दराने अठरा कोटी रुपयांच्या वर पडत होता, आणि त्याआधी अस्थिमज्जा रिकामी करण्यासाठी दिलेल्या औषधाने वंध्यत्वाचा धोका असतो. ही बाजूही बातमीत यायला हवी.

याउलट, गर्भातले हिमोग्लोबिन वाढवणारे एक औषध आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यांतही मिळते, त्याचा उल्लेख क्वचितच होतो. हायड्रॉक्सियुरियाच्या कॅप्सूल डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि ठरावीक काळाने रक्ततपासणी करत नियमित घेतल्या तर अनेक रुग्णांचे वेदनेचे झटके कमी होतात, आणि त्यामागे मुख्यतः तीच गॅमा साखळी आहे. भारतातल्या सिकलसेलच्या रुग्णांत गर्भातले हिमोग्लोबिन आफ्रिकेतल्या रुग्णांपेक्षा सर्वसाधारणपणे जास्त असते. त्यावरून आपल्याकडचा आजार सौम्य असतो असे बरेच दिवस मानले गेले, पण विदर्भातल्या मुलांच्या बाबतीत ते खरे नाही, हे नागपूरच्या बालरोगतज्ज्ञांनी वर्षानुवर्षांच्या नोंदींतून दाखवून दिले आहे.

आता माझ्या विद्यार्थिनीचा दुसरा प्रश्न. तो पहिला कागद खोटा नव्हता. सोल्युबिलिटी चाचणीत रक्ताचा थेंब एका द्रावणात टाकतात. सिकलचे हिमोग्लोबिन पुरेसे असेल तर द्रावण गढूळ होते आणि नळीमागे धरलेल्या कागदावरच्या काळ्या रेघा दिसेनाशा होतात. दोन महिन्यांच्या बाळात बहुतांश हिमोग्लोबिन अजून गर्भातलेच असते आणि सिकलचे इतके थोडे, की द्रावण निवळ राहते, रेघा स्पष्ट दिसतात आणि कागदावर ‘निगेटिव्ह’ उमटते. चाचणीने तिला जेवढे दिसले तेवढे सांगितले. चूक झाली ती त्या वयात ही चाचणी पुरेशी मानण्यात, आणि ‘सहा महिन्यांनी पुन्हा तपासा’ हे चार शब्द न लिहिण्यात. त्या चार शब्दांअभावी जे महिने गेले, त्यांत या बाळाला संसर्गापासून जपणारे पेनिसिलिन सुरू होऊ शकले असते आणि आजाराची पहिली खूण दिसताच आईला ती ओळखता आली असती. एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या तपासण्यांत हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे मोजले जात असल्याने नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेल्या थोड्याशा रक्तातही सिकलचे हिमोग्लोबिन ओळखता येते.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट आहे आणि त्यात अर्थातच तान्ही मुलेही येतात. माझी संबंधितांना कळकळीची विनंती आहे, की सहा महिन्यांखालच्या कोणत्याही बाळाला केवळ सोल्युबिलिटी चाचणीवरून ‘निगेटिव्ह’चा कागद देऊ नये, आणि द्यावाच लागला तर पुन्हा तपासणीची तारीख त्यावर मराठीत, ठळक अक्षरांत लिहावी. आपल्या दैनिकालाही विनंती आहे, की या उपचारांची पुढची बातमी छापताना ‘सदोष जनुक दुरुस्त’ या शब्दांऐवजी ‘गर्भातल्या हिमोग्लोबिनचे बंद झालेले जनुक पुन्हा सुरू’ असे शब्द वापरावेत. चार शब्द जास्त होतील, पण वाचणाऱ्या आईला तिच्या बाळाच्या पहिल्या सहा महिन्यांचा उलगडा त्यातूनच होईल.

ती विद्यार्थिनी आता पुन्हा गरोदर आहे, आठवा महिना सुरू आहे. मोठा मुलगा औषधे घेतो, अंगणवाडीत जातो. मागच्या आठवड्यात ती भेटायला आली तेव्हा मी एका कागदावर ‘जन्मल्यावर एचपीएलसी तपासणी करावी, केवळ सोल्युबिलिटी चाचणीवर थांबू नये’ असे लिहून दिले. तिने तो कागद माझ्यासमोरच माता-बाल संरक्षण कार्डाच्या पहिल्या पानाला टाचून घेतला.

आपली नम्र,
एक निवृत्त जीवशास्त्र अध्यापिका,
जि. चंद्रपूर